खेळणे कोणाचे?

वाचकहो, आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. विषय आहे एका अमेरिकन सिनेमाचा, आणि तोही लहान मुलांच्या खेळण्यांवरून काढलेल्या. तुम्ही म्हणाल, कापसाचा भाव आणि विजेचे भारनियमन सोडून हे काय काढले? पण थोडा धीर धरा. गोष्ट खेळण्याची असली तरी तिच्यातला प्रश्न तुमच्या-माझ्या घरातला आहे. विकत घेतलेल्या वस्तूला जीव लावला, तर तिच्यावर हक्क कोणाचा? ज्याने ती घडवली त्याचा, की ज्याने जीव लावला त्याचा?

आधी ही खेळणी काय ते सांगतो. जपानमधील ताकारा ही कंपनी मोटारींची आणि ट्रकांची अशी खेळणी करीत असे, की चार ठिकाणी वळवले आणि दोन ठिकाणी ओढले म्हणजे ट्रकचा माणूस व्हावा. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ती घेतली आणि १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने बाजारात आणली. नुसते खेळणे खपत नाही, त्याला गोष्ट लागते, हे व्यापारी बरोबर जाणून होते. म्हणून चित्रकथा काढल्या आणि दूरचित्रवाणीवर कार्टूनची मालिका सुरू केली. परक्या ग्रहावरचे हे यंत्रमानव, त्यांच्यात दोन तट. वाईटांचा म्होरक्या मेगाट्रॉन आणि चांगल्यांचा पुढारी ऑप्टिमस प्राइम. हा प्राइम म्हणजे तांबडा-निळा ट्रक, पुढे नाक नसलेला, सपाट तोंडाचा.

या ट्रकाला आवाज दिला पीटर कलन नावाच्या कलावंताने. त्याचा थोरला भाऊ व्हिएतनामच्या लढाईत जाऊन आलेला सैनिक होता. हा आवाजाच्या चाचणीला निघाला तेव्हा भावाने त्याला बजावले, की शूर माणूस करायचा तर खराखुरा कर, उगीच ओरडू नकोस. ज्याच्या अंगात बळ आहे त्याला मवाळ बोलणे परवडते. कलनने भावाचेच बोलणे त्या ट्रकाच्या तोंडी घातले. झाले असे, की शाळेतून आल्यावर ज्या घरात बोलायला कोणी नसे, त्या घरातल्या पोरांना हा ट्रक वडीलधाऱ्यासारखा वाटू लागला.

आणि १९८६ साली कंपनीने त्याला मारले. त्या वर्षी या खेळण्यांवर चित्रांचा मोठा सिनेमा निघाला. जुन्या खेळण्यांचा हंगाम संपत आला होता, नवी खेळणी दुकानात यायची होती. तेव्हा जुनी पात्रे गोष्टीतून काढून टाकावीत, असा सरळ व्यापारी हिशेब झाला. सिनेमाच्या पूर्वार्धातच ऑप्टिमस प्राइम मेला. थिएटरात मुले रडू लागली, आईबाप त्यांना बाहेर घेऊन गेले. कंपनीकडे तक्रारींची पत्रे गेली. व्यापाऱ्यांना हे अपेक्षितच नव्हते. त्यांच्या लेखी ते दुकानातल्या फळीवरचे डबे होते. अखेर १९८७ साली मालिकेत प्राइमला पुन्हा जिवंत करावे लागले. इतकेच नव्हे, तर त्याच कंपनीच्या ‘जी. आय. जो’ या दुसऱ्या खेळण्यांच्या सिनेमात ड्यूक नावाचा शिपाई मरायचा होता, तोही मग नुसता बेशुद्ध पडला असे दाखवण्यात आले.

कंपनीचा हिशेब चुकीचा होता काय? तसे मी म्हणणार नाही. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आम्ही ट्रॅक्टर घेतला तेव्हा वडिलांनी बैलजोडी विकली. हप्ते फेडायचे, वैरण महागलेली. दुसरा इलाज नव्हता. दावणीवरून सर्जाला सोडताना माझा धाकटा भाऊ त्याच्या गळ्याला मिठी मारून बसला, तो सुटेना. वडील त्याला रागावले नाहीत. घेणाऱ्या पाहुण्याला ते एवढेच म्हणाले, ‘‘कासरा बदला, झूल बदला, पण याला सर्जा म्हणूनच हाक मारा. त्या नावाला तो ओ देतो.’’ व्यवहार व्यवहाराच्या जागी राहिला, आणि जीव लावणाऱ्याचाही मान राहिला. ती १९८६ सालची मुले हाच मान मागत होती.

ती मुले मोठी झाली, तिशीत आली, आणि २००७ साली खऱ्या नटनट्यांना घेऊन ‘ट्रान्सफॉर्मर्स’ सिनेमा निघाला. दिग्दर्शक मायकेल बे. सिनेमा लागण्याआधीच यंत्रमानवांची चित्रे बाहेर फुटली आणि एकच ओरड झाली. सपाट तोंडाचा ट्रक जाऊन तिथे लांब नाकाचा ट्रक आला होता, आणि त्याच्या अंगावर आगीच्या ज्वाळा रंगवल्या होत्या! तोंडावरची पट्टी सरकून आत ओठ दिसत होते. बम्बलबी नावाचा लाडका पिवळा गडी पूर्वी गोलमटोल फोक्सवॅगन बीटल होता, त्याची आता झकपक कॅमॅरो गाडी केली होती. दिग्दर्शकाचीही बाजू होती. बीटल पाहिली की लोकांना हर्बी या जुन्या सिनेमातल्या मोटारीची आठवण येईल, असे त्याचे म्हणणे. चाहते ऐकेनात. लेकराचे बारसे परक्याने करावे, तसा त्यांना राग आला.

पण एका बाबतीत चाहत्यांचे म्हणणे चालले. प्राइमचा आवाज पीटर कलनचाच हवा, हा त्यांचा हट्ट होता. कलनला बोलावण्यात आले. वीस वर्षांनी तोच आवाज थिएटरात घुमला, तेव्हा ज्वाळांवरून भांडणारे अनेक जण हरखून गेले. मेगाट्रॉनच्या जुन्या आवाजाला, फ्रँक वेल्करला, मात्र त्या खेपेस घेतले नाही, त्याची खंत ते पुढे बरीच वर्षे बोलून दाखवीत. म्हणजे पाहा, रूप बदलले ते त्यांनी कसेबसे सोसले, पण हाक बदललेली त्यांना सोसेना.

सिनेमाने जगभरात ७० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. चाहत्यांत मात्र दोन तट पडले. एक तट म्हणे, आपले लहानपण पडद्यावर चालताना पाहिले, आणखी काय हवे? दुसरा म्हणे, या लोखंडाच्या कचकड्यांत कोण कोणाला मारतो तेच समजत नाही, आणि यंत्रांपेक्षा माणसांचीच बडबड जास्त. पुढचे भाग निघत गेले. २०१४ सालच्या भागाने ११० कोटी डॉलरचा आकडा गाठला, तरी दुसऱ्या तटाची कुरकुर थांबली नाही.

हा २००७ सालचा सिनेमा मी मुलाला घेऊन तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिला. तो तेव्हा सात वर्षांचा. आमच्याकडे सगळे हिंदीत बोलत होते, त्यामुळे कलनचा मूळ आवाज काही कानी पडला नाही. मुलाला जुना ट्रक, जुनी मालिका, कशाचाच पत्ता नव्हता. त्याने पहिल्यांदा पाहिला तो ज्वाळांचा ट्रक. जत्रेतून त्याला एक स्वस्तातला प्लास्टिकचा ट्रक आणला होता, त्यावर त्याने लाल पेनाने ज्वाळा काढल्या.

मग २०१८ साली ‘बम्बलबी’ आला. दिग्दर्शक ट्रॅव्हिस नाइट. गोष्ट १९८७ सालातली, बाप गमावलेल्या एका मुलीची आणि तिला सापडलेल्या पिवळ्या बीटलची. होय, बीटल परत आली होती! सुरुवातीच्या लढाईत सगळे यंत्रमानव जुन्या रूपात दिसले, ऑप्टिमस प्राइम पुन्हा सपाट तोंडाचा झाला. अकरा वर्षे कुरकुरणाऱ्या चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा. तो मला म्हणाला, ‘‘बाबा, ह्याच्या अंगावरच्या ज्वाळा कुठे गेल्या? हा आपला नव्हे.’’

मी हसलो, पण मग विचारात पडलो. ज्या ज्वाळांवरून अमेरिकेतली तिशीतली माणसे भांडली, त्याच ज्वाळांसाठी आमचे पोर हळहळत होते. दोघेही खरे. ज्याने जे रूप पहिल्यांदा जिवाला लावले, ते त्याचे खरे. दोघे भाऊ एकाच घरात वाढतात, पण थोरल्याच्या आठवणीत घर कौलाचे असते, धाकट्याच्या आठवणीत पत्र्याचे. त्यात भांडायचे काय? आणखी एक गोष्ट नोंदवतो. चाहत्यांना मनापासून आवडलेल्या ‘बम्बलबी’ने आधीच्या सगळ्या भागांपेक्षा कमी पैसे मिळवले. म्हणजे बाजाराचे माप आणि मायेचे माप एक नव्हे. ते एक असावे असा हट्टही धरू नये.

चाहत्यांचे सगळेच बरोबर होते, असेही मला वाटत नाही. काही जण दिग्दर्शकाला शिव्या घालण्यापर्यंत गेले. जीव लावला म्हणून सातबारा आपल्या नावावर होत नाही. कंपनीने खेळणे विकावे, बदलावे, नवे काढावे. तो तिचा धंदा आहे. फक्त समोरच्या मुलाने त्यात काय ठेवले आहे, ते आधी विचारून घ्यावे. कलनला बोलावण्याला फारसा खर्च आला नसेल, पण त्या एका हाकेने किती रुसवे निघाले!

तेव्हा वाचकहो, दिवाळीपूर्वी घर सारवायला, झाडायला काढाल तेव्हा माळ्यावर एखादा चाक मोडलेला ट्रक, कान तुटलेला मातीचा बैल, डोळा नसलेली बाहुली सापडेल. भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्यापूर्वी एकदा पोराला विचारा, मग ते पोर चाळीस वर्षांचे का असेना. ‘‘टाकून द्या’’ म्हणाले तर खुशाल टाका. पण काही न बोलता ते हातात घेऊन उभे राहिले, तर ते खेळणे तेवढे फळीवर राहू द्या. त्याला लागून लागून जागा ती किती लागणार?