नऊ माणसं, सात सीट आणि महेश्वर

इंदूरच्या मराठी घरांत पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या की काही ना काही वाद निघतोच. आमच्याकडे सहा महिने एकच वाद चालला होता : मोठी गाडी कोणती घ्यायची? घरात आम्ही नऊ जण. आम्ही दोघं, दीर-जाऊ, सासूबाई आणि नऊ, सात, चार व दोन वर्षांची चार मुलं. छोटी गाडी विकून सात सीटची घ्यायची, इथपर्यंत एकमत होतं. "धाकटी काय, मांडीवर मावते," असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्या माहेरच्या अॅम्बेसेडरमधून म्हणे अकरा जण उज्जैनला जायचे!

शोरूमच्या फेऱ्या झाल्या. मुलांना पसंत पडली ती मागे समोरासमोर बाकं असलेली गाडी. पण अशा आडव्या बाकांवर मुलांची सुरक्षा-सीट बसवता येत नाही, म्हणून ती बाद झाली. शेवटी दीर म्हणाले, "शोरूमभोवती एक चक्कर मारून काय कळणार? एक दिवस भाड्याने घेऊ आणि महेश्वरला जाऊन येऊ."

श्रावणातला रविवार. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट आणि मागे तिघांची रांग, अशी गाडी मिळाली. मुलांच्या दोन सुरक्षा-सीट बरोबर होत्या. एकीवर चार वर्षांचा पुतण्या बसला. दुसरी ठेवायला जागाच उरली नाही, म्हणून ती डिकीत गेली आणि धाकटी माझ्या मांडीवर आली. मागे तिघांच्या जागेत चौघं.

महूवरून आम्ही जाम गेटला पोहोचलो. अहिल्याबाईंच्या काळातला हा दगडी दरवाजा. इथे माळव्याचं पठार संपतं आणि खाली हिरवागार निमाड पसरलेला दिसतो. भाजलेली कणसं खाऊन घाट उतरू लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर अचानक म्हैस आडवी आली. यांनी ब्रेक दाबला आणि धाकटी माझ्या हातांतून निसटून पुढच्या सीटवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं, एवढ्यावर निभावलं. मी तिला घट्ट धरलं होतं, तरीही ती सुटली. पुढे बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही.

महेश्वरला घाटाच्या पायऱ्यांवर बसलो, तेव्हा समोर नर्मदा भरून वाहत होती. मग वर राजवाड्यात गेलो. १७६७ ते १७९५ अहिल्याबाईंनी इथूनच राज्य केलं. पण राजवाडा एखाद्या मोठ्या वाड्यासारखा साधा. तिथली पालखी पाहून सात वर्षांच्या लेकाने विचारलं, "आजी, यात किती सीट?"

"एकच रे."

"मग मांडीवर कोण बसायचं?"

सासूबाई हसल्या नाहीत. धाकटीच्या कपाळावरून हात फिरवून म्हणाल्या, "परत जाताना हिला तिची जागा द्या."

दीर-जाऊ बसने परतले. डिकीतली सीट मधल्या रांगेत लागली. मी दोन्ही मुलग्यांना घेऊन मागे बसले आणि त्या प्रवासात खरी गाडी कळली. मधली रांग सलग असती, तर तिच्यावर सुरक्षा-सीट बसवल्यावर ती दुमडून मागे जाता आलं नसतं. दोन सुट्या सीटमधल्या वाटेने मुलं आरामात आत-बाहेर करतात. तिसरी रांग उघडी असताना डिकीत जेमतेम दोन पिशव्या मावतात. मागे एसीची हवा पोहोचत नसेल, तर घाटात उलट्या ठरलेल्या. आणि गुडघेदुखीवाल्या आजीची जागा पुढेच.

१४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सुरक्षा-सीटविना नेलं, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार १,००० रुपये दंड आहे. पण आम्हाला दंडापेक्षा ते टेंगूळ जास्त लक्षात राहिलं. तुम्हीही गाडी बघायला जाल, तेव्हा मुलांना आणि त्यांच्या सीटना बरोबर न्या. सगळं तिथेच बसवून पाहा आणि गाडीत किती जण मावतात ते न मोजता पट्टे किती आहेत ते मोजा.

आम्ही मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असलेली गाडी घेतली. जुनी छोटी गाडी मात्र विकली नाही. नऊ जण निघालो की दोन्ही गाड्या निघतात. पेट्रोल जास्त लागतं खरं. हल्ली मुलांचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं : छोट्या गाडीत आजीबरोबर कोण बसणार?