कामरगावचं कंडेन्सर

बडनेरा मागे पडून अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात फियाट पहिल्यांदा बंद पडली. आधी दोन-तीन आचके, मग इंजिन गप्प, आणि मग नुसता चाकांचा आवाज. एप्रिल संपत आलेला, सकाळचे अकराच वाजले होते, पण वऱ्हाडात त्याला सकाळ म्हणायची पद्धत नाही. मागच्या सीटवरून आईनं विचारलं, "आलं का कारंजं?"

मी निर्धास्त होतो. फियाटवाल्याला हा आजार तोंडपाठ असतो. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा. उन्हाळ्यात इंजिनाची धग त्याला लागते, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ काही पुढे ढकलता येत नाही. पुस्तकात याला व्हेपर लॉक म्हणतात. औषधही ठरलेलं: पंपावर ओलं फडकं. वडिलांच्या जुन्या धोतराचा एक तुकडा त्यासाठी डिक्कीत कायमचा असतो. तो भिजवला, पंपाला गुंडाळला, दहा मिनिटं थांबलो, सेल्फ मारला. गाडी सुरू. मी आईकडे जरा तोऱ्यातच पाहिलं.

पुढच्या तासाभरात हेच आणखी दोनदा झालं. बंद पडली, फडकं, दहा मिनिटं, सुरू. तीनदा लागू पडलेल्या औषधावर कोण शंका घेणार? मी नाही घेतली. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या मात्र पंपावर ओतून संपल्या.

आईला कारंज्याच्या गुरुमंदिरात जायचं होतं. नृसिंह सरस्वतींचं ते जन्मगाव, आणि आमच्या घरची ही वारी जुनी. आईच्या लहानपणी ती मूर्तिजापूरला उतरून शकुंतला रेल्वेनं होत असे. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं आणि ते १९९४ पर्यंत धावलं, असं मी गाडीत मोठ्या कौतुकानं सांगत होतो. आई म्हणाली, "ती उशिरा यायची. पण अशी रस्त्यात टाकून नाही द्यायची."

आमची प्रीमियर पद्मिनी १९९२ची. नंबर अकोल्याचा, कारण वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ला; म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा वडील. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. नाव पद्मिनी, पण आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणतात. आता दर ५ वर्षांनी आरटीओत नेऊन तिची नोंदणी वाढवून घ्यावी लागते. समृद्धी महामार्गानं गेलो असतो तर कारंजं लवकर आलं असतं. पण जिथे लोक १२०नं जातात, तिथे साठनं जाणारी गाडी बंद पडली तर मागून येणारा आपल्याला पाहील याचा भरवसा काय? म्हणून गावागावांतून निघालो होतो. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग, आणि मध्येच एखादी रसवंती.

चौथ्यांदा ती कामरगावात शिरताना बंद पडली. पाणी नाही. फडकं कोरडं ठणठणीत. शाळा सुटल्यावरच्या उत्साहानं तीन-चार पोरांनी ढकलत ढकलत ती एका लिंबाखाली नेली. तिथे पत्र्याचं गॅरेज होतं. दारात मोटारसायकली, एका कोपऱ्यात उघडलेला फवारणीचा पंप. साठीकडे झुकलेले मिस्त्री, आणि हाताखाली अठरा-एकोणीसचा पोरगा. पोरानं खिडकीतून डोकावून पाहिलं आणि ओरडला, "काका, हिले गेरच नाही!"

"स्टेरिंगले पाय, तथीच हाय," मिस्त्री न बघताच म्हणाले. मग आईकडे वळून, "माय, तुम्ही लिंबाखाली बसा. ऊन लय हाय." पोरानं बाज आणून टाकली, रांजणातलं पाणी दिलं.

मी निदान सांगून टाकलं. वाफ धरते, पंप तापतो, त्यातून हे हल्लीचं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, त्यानं जुन्या गाडीचं रबर खराब होतं, बहुतेक पंपाचा डायफ्रामही गेला असेल. हल्ली जुन्या गाडीचं काहीही बिघडलं की इथेनॉलच्या नावानं बोटं मोडायची पद्धत आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. जुनं रबर त्यानं फुगतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून जाळीत येतो. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थे फडकं काढा आंधी."

मग त्यांनी कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी काढली, तिचं तोंड एका बाटलीत धरलं आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना नळीतून एक भक्कम पिचकारी. "पाहा. पेट्रोल त बम येऊन राह्यलं." गाडी बंद आणि पेट्रोल धो धो. माझं व्हेपर लॉक तिथेच संपलं.

नळी परत लावून, सांडलेलं पेट्रोल पुसून, बाटली दूर ठेवून त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर उपटली. तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर धरलं. पुन्हा सेल्फ. ठिणगी पडली, पण केसासारखी बारीक, पिवळी, आणि मध्येमध्ये पडायचीच नाही. चांगली ठिणगी निळी असते आणि चट चट आवाज करते. आवाजच नव्हता.

"आखरीले हात कायले लावला होता गाडीच्या?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला तीन थांब्यांवर एकदाही सुचला नव्हता. फेब्रुवारीत मीच, हौसेनं, अमरावतीतल्या एका दुकानातून आणलेला पॉइंट, कंडेन्सर, रोटर असा नवा सेट बसवला होता. जुनं सगळं चालत होतं; उन्हाळ्याआधी नवं टाकलेलं बरं, एवढाच विचार. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. दोन महिन्यांचे पॉइंट, त्यांचं तोंड जळून काळंनिळं झालेलं. मग त्यांनी बाजूच्या चांदीच्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या डबीवर बोट टेकवलं आणि झटकन काढलं.

ती डबी म्हणजे कंडेन्सर. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह तुटतो, पण तो सुखासुखी तुटत नाही. फटीतून उडी मारायला बघतो. ती उडी कंडेन्सर पोटात घेतो. प्रवाह एका झटक्यात तुटला तरच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला १०० वेळा व्हावं लागतं. कंडेन्सर कच्चा असेल तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच जळत बसते. आणि कच्चा कंडेन्सर थंड असताना गुमान काम करतो, तापला की दगा देतो.

आता मला फडक्याची गंमत कळली. ओल्या फडक्यानं पंप थंड होत होता खरा, पण पंपाला काही झालंच नव्हतं. त्या दहा मिनिटांत बोनेट उघडं असायचं आणि तेवढ्यात ही डबी निवायची. मी फडकं गुंडाळलं नसतं, नुसता रस्त्याच्या कडेला उभा राहून शिव्या दिल्या असत्या, तरी गाडी तेवढ्याच वेळात सुरू झाली असती. दोन्ही आजारांची लक्षणं एकच: तापली की बंद, निवली की सुरू. फरक एवढाच, की गाडी बंद असताना, थंड व्हायच्या आत, नळी काढून बघायची. मी दरवेळी आधी औषध देत होतो आणि मग तपासायला काही उरतच नव्हतं.

"जुनं कंडेन्सर कुठी हाय?" मिस्त्री.

"फेकलं."

ते काही बोलले नाहीत. पोरगा मात्र हसला.

फियाटचा कंडेन्सर कामरगावात कुठून मिळणार? मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर तिच्या भागांना मागणी तरी होती. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. मिस्त्रींनी एका तेलकट डब्यात हात घातला, बराच वेळ खुळखुळ केलं आणि जुन्या, पॉइंटवाल्या बुलेटचा कंडेन्सर काढला. "कंडेन्सरले गाडी समजत नाही," असं पोराला सांगितलं. आकार वेगळा, डिस्ट्रिब्युटरच्या खाचेत बसेना. मग आतल्या कंडेन्सरची वायर तोडून टाकली, बुलेटचा बाहेर एका बोल्टखाली धरला. कसायच्या आधी त्या बोल्टभोवतालचा रंग ब्लेडनं खरवडून लोखंड चकचकीत केलं, कारण तिथे अर्थ मिळाला नाही तर सगळं फुकट. एक हातभर वायर पॉइंटच्या जोडापर्यंत. पॉइंटची तोंडं बारीक पॉलिश पेपरनं घासली, फट डोळ्यानंच लावली. माझ्याकडे गेज होतं. राहवलं नाही म्हणून घालून पाहिलं. ०.४५ मिलिमीटरची पट्टी अलगद सरकली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी गेज खिशात टाकलं.

जाड वायरीची पुन्हा परीक्षा झाली. यावेळी निळी ठिणगी, आणि आवाज लिंबाखाली बसलेल्या आईपर्यंत गेला.

गाडी पहिल्या सेल्फला लागली. मी निघायच्या बेतात होतो, तर मिस्त्री म्हणाले, "थांबा जी. तापू द्या." बोनेट लावून, गाडी उन्हात ढकलून, इंजिन वीस मिनिटं चालूच ठेवलं. तेवढ्यात पोरानं शेजारून रस आणला. गाडी बंद पडली नाही. शंभर रुपये मेहनतीचे, पन्नास कंडेन्सरचे.

कारंज्याला पोहोचेपर्यंत ती एकदाही थबकली नाही. दर्शन झालं. परतताना कामरगावात थांबून मिस्त्रींच्या हातावर पेढ्याचा प्रसाद ठेवला, तेव्हा ते एका फवारणी पंपाच्या पोटात शिरलेले होते.

तो बुलेटचा कंडेन्सर अजून तिथेच, त्याच बोल्टखाली आहे. तुमच्याकडे पॉइंटवाली जुनी गाडी असेल, तर डिक्कीत एक जादा कंडेन्सर ठेवा. नवा नको, चालत्या गाडीतून काढलेला, जुना ठेवा.