लॅड, गीझर आणि ब्लोक : विलायतेतून दोन पत्रे

लंडन, शनिवार

प्रिय दादा,
सुखरूप पोहोचले. इथले पुरुष एकमेकांना काय म्हणतात, ते बाजारात, पबमध्ये कान देऊन ऐकते आहे. साधा माणूस म्हणजे 'ब्लोक'. चलाख, बोलघेवडा, थोडा उचापती तो 'गीझर', आणि ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा तो 'डायमंड गीझर'. तोऱ्यात मिरवणारा 'जॅक द लॅड'. बिअर, फुटबॉल आणि टोळक्यातली चेष्टा, म्हणजे 'बँटर', यांत रमतो तो 'लॅड'.

या लॅडला मासिकांनी मखरात बसवलं. 1994 मध्ये 'लोडेड' निघालं, 2004 मध्ये 'नट्स' आणि 'झू' ही साप्ताहिकं आली. फुटबॉल, दारू आणि तोकड्या कपड्यांतल्या बायका, हा त्यांचा मसाला. लॅडसारखंच वागणाऱ्या मुलींना 'लॅडेट' हे नाव पडलं. 2015 संपेपर्यंत तिन्हींची छपाई थांबली, पण ते वागणं थांबलं नाही. इथल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने 2013 मध्येच विद्यापीठांतल्या 'लॅड कल्चर'वर अहवाल काढला होता. अचकटविचकट बोलणं, अंगचटीला येणं हे सगळं बँटरच्या नावाखाली खपवलं जातं, हे त्यातून पुढे आलं.
तुझी,
धाकटी

लीड्स, बुधवार

प्रिय दादा,
इथे उत्तरेत 'लॅड' मायेने म्हणतात. घरातला मुलगा 'अवर लॅड', उपयोगी पडणारा 'गुड लॅड'. म्हणून माझा राग शब्दावर नाही. दुसऱ्याला दुखवायचं आणि वर बँटरची ढाल पुढे करायची, यावर आहे. ही ढाल मुलांनाही महागात पडते. सतत हसतं राहायचं ठरलं, की मनातलं दुखणं बोलायचं कुठे? ब्रिटनमध्ये आत्महत्या करणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश पुरुष असतात. 2018 मध्ये आत्महत्या रोखण्यासाठी झटणाऱ्या 'काम' (CALM) या संस्थेने लंडनच्या एका उंच इमारतीच्या कठड्यावर पुरुषांचे 84 पुतळे उभे केले होते, कारण तेव्हा आठवड्याला सरासरी 84 पुरुष जीव देत होते.

तुझा मुलगा सप्टेंबरमध्ये इकडे शिकायला येईल. त्याला एवढं सांग : मित्र जोड, पबमध्ये बस, पोटभर हस. पण चेष्टेत कुणी दुखावलं, तर तिथेच थांबव. आणि स्वतःला जड वाटलं, तर रात्री-अपरात्रीही घरी फोन कर.
तुझी,
धाकटी