देव खाली, आम्ही वर

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या पुणेकराला एक व्याधी हटकून जडते. कोणत्याही डोंगराचे नाव काढा, तो विचारतो, “आपल्या सिंहगडाच्या मानाने कितीसा?” ही व्याधी मला गेली बावीस वर्षे आहे. त्यामुळे फेब्रुवारीत सौभाग्यवतींसह गढवालात तुंगनाथला जायचे ठरले, तेव्हा गडावरच्या पिठलं-भाकरीच्या पंगतीत मी आमच्या मंडळींना वचनच देऊन बसलो, की तुंगनाथच्याही वर जे चंद्रशिलेचे शिखर आहे, तेथला एकेक खडा प्रत्येकाला आणून देईन.

“अहो, पण देऊळ हिवाळ्यात बंद असतं ना?” हिने विचारले.

“देऊळ बंद असलं म्हणून काय झालं? डोंगर उघडाच असतो!”

मंडळी हसली. ही हसली नाही.

हृषीकेश सोडले, की रस्ता गंगेचे बोट धरून वर चालू लागतो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकमेकींना भेटतात, पुढे रुद्रप्रयागला मंदाकिनी येऊन मिळते. तेथून मंदाकिनीच्या काठाने उखीमठ. उखीमठच्या आसपास बुरांस फुलू लागला होता. इंग्रजीत ज्याला ऱ्होडोडेंड्रॉन म्हणतात, तेच हे झाड. हिरव्या रानात मधूनच कोणी कुंकवाचा करंडा सांडावा तशी ती लाल फुले दिसत. पण जसजसे वर जावे तसतशी फुले कमी होत गेली, आणि चोपत्याला पोहोचलो तो त्याच झाडांवर नुसत्या घट्ट मिटलेल्या कळ्या. खाली बर्फ.

चोपता समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंच आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे आम्ही जेथून पहिले पाऊल टाकणार, ती जागाच कळसूबाईच्या डोक्यावर हजार मीटर! हे गणित मी हिला मोठ्या ऐटीत समजावून दिले. स्वतःला समजावून द्यायचे तेवढे राहून गेले.

आमचा वाटाड्या मक्कू गावचा, पस्तिशीचा, मितभाषी माणूस. रात्रीच त्याने आमच्या बुटांना बांधायचे लोखंडी काटे तपासले, काठ्या दिल्या आणि एकच नियम सांगितला, “बारह बजे, जहाँ भी हों, वहीं से वापस.”

मी म्हटले, चार किलोमीटरांना एवढा बाऊ कशाला? तेव्हा त्याने जे सांगितले, ते मला सिंहगडाने बावीस वर्षांत शिकवले नव्हते. बर्फात अंतर किलोमीटरांत मोजायचे नसते, घड्याळात मोजायचे असते. रात्रीच्या गारठ्याने बर्फाची वरची साय घट्ट होते आणि सकाळी ती माणसाचा भार पेलते. ऊन चढले, की तीच साय मऊ पडते आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. सकाळी अर्ध्या तासाची वाट दुपारी दीड तासाची होते, आणि उतारावरचे बर्फही मग भरवशाचे राहत नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. काट्यांखाली बर्फ करकर वाजत होते. तेवढा आवाज सोडला तर सारे रान मुके. वाटाड्या पुढे, त्याच्या पावलात पाऊल टाकीत ही, आणि तिच्या पावलात मी. उन्हाळ्यात या वाटेवर फरसबंदी असते, खेचरे असतात, चहाच्या टपऱ्या असतात. आता टपऱ्यांची छपरे तेवढी बर्फातून डोकावत होती. झाडी संपली, आणि उन्हाळ्यात जी हिरवी कुरणे असतात, त्या बुग्यालांवर आलो. तोच समोर चौखंब्याच्या माथ्यावर ऊन पडले. ७,१३८ मीटर उंचीचा तो पर्वत आधी गुलाबी झाला, मग केशरी, मग असा पांढरा, की त्याच्याकडे पाहवेना. ही हात जोडून उभी राहिली. मीही जोडले. पण माझे लक्ष खरे म्हणजे माझ्या कपाळात होते. तेथे कोणीतरी हळूहळू खिळा ठोकू लागले होते.

तुंगनाथला पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. पंचकेदारांतले हे सर्वांत उंच स्थान, ३,६८० मीटर. पांडवांना चुकवण्यासाठी बैलाचे रूप घेतलेला महादेव जमिनीत शिरला आणि त्याचे बाहू येथे प्रकटले, अशी कथा आहे. दगडी देऊळ बर्फात अर्धे बुडालेले, दाराला कुलूप. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

चंद्रशिला आता दीडएक किलोमीटरवर. वाटाड्याने घड्याळ पाहिले, वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. “ठीक हैं, बाबूजी?”

“एकदम!” मी म्हणालो आणि बुटाची नाडी बांधायला वाकलो. वाकलो तो देऊळ किंचित फिरल्यासारखे वाटले. पोटात ढवळून आले. या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो, हे मी वाचले होते. डोके दुखणे, मळमळणे, तोल जाणे ही विरळ हवेची लक्षणे, आणि ती दिसताच वर न जाता खाली उतरायचे, हेही वाचले होते. पण डोळ्यांपुढे सिंहगडाची मंडळी होती आणि त्यांचे खडे होते. मी काही बोललो नाही.

तेवढ्यात ही मटकन पायरीवर बसली. “अहो, मला नाही हो जमायचं पुढं. परतू या आपण.”

मी मोठे मन केले. “थकलीस ना? बरं, तुझ्यासाठी परतू!” म्हणालो. वाटाड्या काही न बोलता वळला.

उतरताना ऊन तापले होते. सकाळी ज्या बर्फावरून टकटक चालत आलो, त्यात पाय आता फसाफसा रुतत होते. एका आडव्या उतारावर, जेथे वाट पार गाडली गेली होती, माझा तोल गेला आणि मी मांडीपर्यंत आत गेलो. वाटाड्याने दंड धरून मला ओढून काढले. खाली दरी पाहिली आणि मनात आले, हाच प्रसंग तासाभराने, आणखी उंचावरून परतताना, फिरत्या डोक्याने आला असता तर?

चोपत्याला शेकोटीशी बसलो, तेव्हा कपाळातला खिळा निघून गेला होता. चहाचा घोट घेत मी म्हणालो, “तू थकलीस, नाहीतर शिखर झालंच असतं.”

ही शांतपणे म्हणाली, “मी कुठं थकले होते? तुम्ही बुटाची नाडी तीनदा बांधलीत, आणि तीनही वेळा एकाच पायाची. सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?”

मी वाटाड्याकडे पाहिले. तो गालातल्या गालात हसत होता. “बाबूजी, शरम कैसी? यहाँ तो जाड़ों में भगवान भी नीचे उतर आते हैं. हमारे मक्कू में बैठे हैं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मक्कूला गेलो. वर कुलूप पाहून आलेल्या देवाचे दर्शन तेथे झाले. हिने दिवा लावला. मी तिच्याकडे पाहून मनातल्या मनात आणखी एक नमस्कार केला. कोणाला, ते सांगत नाही.

पुढच्या रविवारी गडावर मंडळींनी हात पसरले, “आणा खडे!” मी पिशवीतून बुरांसच्या सरबताची बाटली काढली आणि सारे खरे ते सांगून टाकले. नाडीसकट. थोडी थट्टा झाली, पण सरबत कोणी सोडले नाही.

तुंगनाथाची दारे दिवाळीच्या सुमारास मिटतात. हा अंक आपल्या हाती असेल, त्याच दिवसांत केव्हातरी देवाची डोली वाजतगाजत मक्कूची उतरण उतरत असेल. पुन्हा वर जाईल ती उन्हाळ्यात, बर्फ वितळले म्हणजे. आम्हीही तेव्हाच जाणार आहोत. या खेपेला पुढे ही, आणि घड्याळही हिच्याच मनगटावर.