यंत्राला दिसतं ते पाणी

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात अंगातल्या चरबी-स्नायूंचे आकडे सांगणारं यंत्र मांडलं की पहिला प्रश्न मी विचारते, "पेसमेकर कोणाकोणाला आहे?" त्यांना यंत्रावर उभं करायचंच नाही. मग बाकीचे विचारतात, "शॉक नाही ना बसत?" नाही बसत. एक मिलिअँपिअरहून कमी प्रवाह हातापायांतून जातो, बहुधा ५० किलोहर्ट्झचा, आणि कोणाला जाणवतही नाही.

मी आहारतज्ज्ञ. "माझं वजन तीस वर्षांत हललेलं नाही" असं अभिमानाने सांगणारेच मला जास्त धास्तीचे वाटतात. उतारवयात स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते आणि वजनकाटा ढिम्म राहतो. आमच्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनावर विसंबू नये, ते यासाठी.

पण यंत्रावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ते स्नायू मोजतच नाही. ते मोजतं विजेला होणारा अडथळा. त्यावरून अंगातलं पाणी काढायचं, चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं असं धरून त्याचं वजन काढायचं आणि एकूण वजनातून ते वजा केलं की चरबी. तरुणांत हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. सत्तरीत कोणाच्या पायावर सूज असते, तर कोणी रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. सूत्रात उंचीचा वर्ग येतो, म्हणून उंची मी स्वतः मोजते. पाठ वाकली तरी लोक लग्न ठरताना सांगितलेलीच उंची सांगतात! टाचा टणक, भेगाळलेल्या असतील तर ओल्या रुमालाने पुसून घेते. आणि निर्जळी उपवासाच्या दिवशी मोजणी नाहीच. पाणी घटलं की यंत्राला चरबी वाढल्यासारखी वाटते.

एकदा एक आजोबा कागद फडकवत आले. "मॅडम, दोन किलो मसल वाढलं! तुमच्या डाळी-अंड्यांची कमाल." मी त्यांना बसवलं, पायमोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो पडूनच राहिला. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन नव्याने सुरू झालं होतं. त्याने घोट्यांवर सूज येऊ शकते. ते पाणी यंत्राने स्नायूंच्या खात्यात जमा केलं होतं. त्यांना म्हटलं, गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना पाय दाखवा.

डॉक्टरांनी औषध बदललं, सूज उतरली आणि पुढच्या मोजणीत ते दोन किलो गायब झाले. आजोबा हिरमुसले. "म्हणजे एवढा व्यायाम फुकट?"

मी खुर्ची ओढली. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं. स्नायूंच्या झिजेवरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची तपासणी पुढे न्यायची. आधी त्यांना पंधरा लागले होते. या वेळी अकरा.

"हे कुठे छापलंय?" त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला. यंत्राच्या कागदावर त्याला रकाना नाही. मी समासात पेनाने लिहून दिलं.

"जरा मोठं लिहा," ते म्हणाले, "सूनबाईंना चष्म्याशिवाय दिसायला हवं."