उपरे आणि मूळचे

परमुलखांतील माणसें एकाएकीं मोठ्या संख्येनें येऊन राहिलीं, म्हणजे मूळच्या रहिवाशांचें बरें होतें कीं वाईट, हा वाद जुना आहे. १९८० सालीं क्यूबांतून सुमारें सव्वा लाख माणसें अमेरिकेंत उतरलीं व त्यांतील बरींचशीं मायामी शहरीं राहिलीं. त्यामुळें तेथील मजुरी घटली कीं नाहीं, याविषयीं अर्थशास्त्रज्ञांत अद्यापि एकवाक्यता नाहीं. आम्हां अंबरनाथकरांस मात्र या प्रश्नासाठीं इतकें दूर जावयास नको. कल्याणच्या बाजूस पुढचेंच स्टेशन उल्हासनगर आहे.

फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नव्या नगराची कोनशिला बसली; जुनीं माणसें मात्र अजूनहि त्यास 'कॅम्प'च म्हणतात. या लोकांजवळ शेत नव्हतें, वतन नव्हतें. घरीं पापड लाटावे, गाडीच्या डब्यांत किरकोळ जिन्नस विकावे, येथून त्यांचा आरंभ झाला. थोडा नफा आणि पुष्कळ विक्री, हें त्यांचें सूत्र होतें.

ही चढाओढ आसपासच्या जुन्या दुकानदारांस जाचली, यांत नवल नाहीं. परंतु लग्नाचा बस्ता, लांकडी सामान, पुढें जीनच्या विजारी हें सर्व स्वस्तांत कोठें मिळे? 'यू. एस. ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, अशी थट्टा आम्ही करीत असूं आणि माल तेथूनच आणीत असूं. लाभ हजारों घरांत चिमूट चिमूट वांटला गेला, म्हणून त्याविषयीं कोणी बोललें नाहीं. हानि मोजक्या पेढ्यांवर पडली, म्हणून तिचा बोभाटा झाला. शिवाय १९६५ सालीं याच लोकांच्या संस्थेनें उल्हासनगरांत चांदीबाई कॉलेज काढलें, तेथें अंबरनाथ-बदलापूरच्या कित्येक मराठी मुलांना घराजवळ पदवी घेतां आली. ही जमेची रक्कम कोणत्या वहींत मांडावयाची?

आणि मूळचे म्हणजे तरी कोण? अंबरनाथांत खरोखर जुनें म्हणावें असें शके ९८२ मधील शिवालय आहे. आमचे तीर्थरूप कोंकणांतून येथील सरकारी कारखान्यांत नोकरीस आले, तेव्हां उल्हासनगर वसून कित्येक वर्षें लोटलीं होतीं. तरीहि सिंधी तेवढे उपरे, आणि आम्ही मूळचे! भाषा एक असली कीं आगमनाची तारीख कोणी विचारीत नाहीं.

आमच्याहि आधींचे आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी या तंट्यांत कोणासच आठवत नाहींत. नेवाळीच्या शेतकऱ्यांची जमीन दुसऱ्या महायुद्धांत विमानतळासाठीं सरकारनें घेतली, ती परत मिळावी म्हणून त्यांचे वंशज जून २०१७ मध्यें रस्त्यावर उतरले. ती जमीन कोणा निर्वासितानें घेतली नव्हती. ज्यांचें सर्वांत अधिक गेलें, त्यांची तक्रार उपऱ्यांविरुद्ध नाहीं. आणि ज्यांची तक्रार उपऱ्यांविरुद्ध आहे, त्यांचें फारसें कांहीं गेलेलें नाहीं. नफातोट्याचा कोणताहि ताळेबंद वाचण्यापूर्वीं तो कोणीं मांडला, हें विचारण्याचा परिपाठ आम्हीं याच एका स्टेशनाच्या अंतरावर शिकलों.