चाकाखालची भुई

डांबर संपतं तिथं गाड्या ओळीनं उभ्या राहतात. माणसं खाली उतरतात, उकिडवी बसतात आणि टायरांतली हवा सोडू लागतात. बत्तीस-तेहतीसवरचा काटा वीसवर येतो, कुणी अठरापर्यंत आणतो. हवा उतरली की टायर पसरतो, भुईला टेकणारा त्याचा तळ लांबट होतो. दगडाची धार आली तर तिच्यावर ताठ उभा न राहता तो तिला पोटात घेतो. मऊ मातीत गाडीचा भार जास्त जागेवर वाटला जातो आणि चाक कमी रुततं. चार टायरांचा तो बारीक फुसकारा ऐकताना मला दर वेळी बरं वाटतं. अजून चढ लागलेला नसतो, ओढा लागलेला नसतो. पण इथून पुढं जमिनीचं ऐकायचं, एवढं ठरून गेलेलं असतं.

ही माणसं कोण असतात? बँकेत काउंटरवर बसणारा, हार्डवेअरचं दुकान चालवणारा, दातांची डॉक्टर, गणित शिकवणाऱ्या बाई, नुकतेच निवृत्त झालेले इंजिनिअर आणि शेजारी डबा मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी. गोव्यात 2014पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा होते. तिथले गडी वेगळे आणि त्यांच्या गाड्याही वेगळ्या. मला सांगायचं आहे ते रविवारी मावळात, मुळशीत, वेल्ह्याकडे किंवा इगतपुरीच्या अंगाला जाणाऱ्या आणि सोमवारी वेळेवर कामाला हजर होणाऱ्या लोकांबद्दल.

आठवडाभर हिंजवडीच्या नाहीतर वाकडच्या चौकात गाडीत बसून जीव मेटाकुटीला आलेला असतो. मग सुटीच्या दिवशी पुन्हा गाडीतच का बसायचं? हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. मला सापडलेलं उत्तर असं, की रस्त्यावर चालवणाऱ्याला ठरवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. चढ किती असावा, वळण कुठं यावं, पाणी कुठून वाहून जावं, हे सगळं रस्ता बांधणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं. आपण पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत राहायचं. डांबर सुटलं की मात्र दर दोन हातांवर जमीन एक प्रश्न घालते. हा धोंडा दोन चाकांच्या मधून जाऊ द्यायचा की त्याच्यावर चाक चढवायचं? आजच्या थारच्या पोटाखाली 226 मिलिमीटर मोकळी जागा आहे, म्हणजे जेमतेम वीतभर. धोंडा वितीहून उंच असेल तर त्याला मध्ये घेणं म्हणजे गाडीचं पोट फोडून घेणं. त्याच्यावर चाक चढवलं तर सगळी गाडीच उचलली जाते आणि सुटते. हे एका नजरेत जोखायचं असतं. जोखलेलं बरोबर निघालं का, हे जमीन तिथल्या तिथं सांगते. कचेरीत केलेल्या कामाचं पुढं काय झालं हे कळायला कधी वर्ष जातं, कधी ते कळतही नाही. इथं डोळ्यांनी ठरवलं, पायांनी केलं आणि पाठीला समजलं, एवढ्या थोडक्यात सगळं घडतं. साध्या माणसाला आपल्या शहाणपणाचा इतका लख्ख पुरावा क्वचितच मिळतो.

जाहिरातींमुळे लोकांना वाटतं की हा वेगाचा खेळ आहे. उधळलेला चिखल, उडालेली गाडी, हवेत चारही चाकं. खरा आनंद याच्या उलट टोकाला आहे. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक आखूड दांडा असतो. गाडी थांबवून तो फोर-लोवर आणला की इंजिनचा वेग चाकांपर्यंत पोहोचताना सुमारे अडीच पट कमी होतो आणि चाकांचा पीळ तेवढाच वाढतो. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीनं चालते. सुट्या दगडांचा उतार लागला तर ब्रेकला पाय लावायचा नाही, असं शिकवतात, कारण ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि गाडी घसरते. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. डोक्यावर भरला हंडा घेतलेली बाई घाट उतरते तशी ती उतरते, डुलत, पण एक पाऊलही न चुकवता. मोठे मोठे साहेब लोक त्या उतारावर श्वास रोखून गप्प बसलेले मी पाहिले आहेत. खाली आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते ताशी 120च्या वेगानं द्रुतगती मार्गावरून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मला कधी दिसलं नाही.

या सावकाशीत माती दिसू लागते. सह्याद्रीत राहून आपण मातीला नुसती माती म्हणतो, पण चाकाला ती एक नसते. मुरूम चांगला, ओला झाला तरी चाकाला धरतो. मावळातली तांबडी चिकण माती पहिल्या पावसानंतर साबणासारखी होते, तिच्यावर सपाटीलाही गाडीचं मागचं अंग आडवं सरकतं. कोकणातला जांभा खरबरीत, त्यावर चाक बसतं; पण सावलीतल्या जांभ्यावर शेवाळ धरलं की काहीच बसत नाही. कातळ कोरडा असेपर्यंत सगळ्यांत प्रामाणिक. आणि देशावरची काळी माती! पाऊस पिऊन ती फुगते, टायरच्या खाचांत भरून घट्ट बसते, आणि थोड्या वेळात टायरला नक्षीच उरत नाही, चार गुळगुळीत गोळे फिरत राहतात. उन्हाळ्यात हीच माती भेगाळून इतकी टणक होते की जुन्या चाकोऱ्यांत चाक पडलं तर बाहेर निघत नाही. हे सगळं शेतकऱ्याला नांगरापासून ठाऊक असतं. शहरात वाढलेल्या माणसाला ते स्टीअरिंगच्या थरथरीतून कळतं, आणि कळतं तेव्हा आजोबांनी बोलून दाखवलेली कितीतरी वाक्यं एकदम अर्थासकट आठवतात.

आजोबांचा विषय निघाला की मनात थोडं काहूर उठतं. विलीजची जीप 1941मध्ये युद्धासाठी घडली आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रनं तिचे सुटे भाग जोडायला घेतले. पुढची कितीतरी वर्षं आपल्याकडे जीप आली ती मामलेदाराची, फॉरेस्टाची, कुटुंबनियोजनवाल्यांची. मग वडापची आली. आत दाटीवाटीनं माणसं, टपावर बोचकी, मागं लटकलेली पोरं. 1985मध्ये मारुतीची जिप्सी आली, ती पुढं लष्करानं आणि जंगलखात्यानं वापरली. थार आली 2010मध्ये, आणि 2020च्या नव्या रूपानंतर ती सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दिसू लागली. म्हणजे ज्या घरांतल्या दोन पिढ्यांनी कच्च्या वाटेतून सुटण्यासाठी आयुष्य घातलं, त्याच घरांतली तिसरी पिढी पैसे मोजून कच्च्या वाटेवर जाते. ज्या गावात आजही अडलेल्या बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, त्या गावाच्या वाटेला मौजेची वाट म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. तरीही या ओढीत मला काही खोटं वाटत नाही. डांबरानं आपल्याला वेळ दिला, दवाखाना दिला, शाळा दिली. त्या बदल्यात भुईची ओळख गेली. ती पुन्हा करून घ्यावीशी वाटणं हा चैनीचा चाळा नव्हे. ती गरज आहे.

आणि माणसांचीही ओळख होते. ऑफ-रोडला एकट्यानं जात नाहीत, निदान दोन गाड्या तरी हव्यातच, हा पहिला नियम. अवघड जागी एक जण खाली उतरतो आणि गाडीच्या पुढं उभा राहून हातांनी खुणा करतो. त्याला स्पॉटर म्हणतात. गाडीत बसलेल्याला बॉनेटपलीकडची जमीन दिसत नाही, म्हणून त्यानं आपलं मत गुंडाळून ठेवून फक्त त्या दोन हातांकडे बघायचं. एरवी नवऱ्याला कधी उजवीकडे वळ म्हणून सांगता न आलेली बाई इथं त्याला बोटाच्या इशाऱ्यावर इंचाइंचानं दगडांतून बाहेर काढते, आणि तो ऐकतो. कधी गाडी अशी तिरकी अडकते की समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं हवेत जातात. साध्या डिफरेन्शियलचा धर्म असा, की ज्या चाकाला विरोध कमी त्याला फिरवायचं. म्हणून अधांतरी चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म उभं राहतं. अशा वेळी कुणी मागच्या पायरीवर उभा राहून आपलं वजन टाकतो, कुणी चाकाखाली दगड रचतो, कुणी पट्टा आणि शॅकल काढतो. ओळख तासाभराची असते, पण हात चिखलात कोपरापर्यंत गेलेले असतात. आपल्या सोसायटीत पाच वर्षं शेजारी राहून जे होत नाही ते इथं होतं.

मुळशीकडच्या एका ओढ्यावर आम्ही काठी घेऊन पाण्याचा अंदाज घेत होतो. पाणी गुडघ्याखाली होतं, संथ होतं. मांडीच्या वर किंवा ओढीचं असतं तर परतच फिरलो असतो. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ म्हशी धूत होते. आमच्यातल्या एकानं विचारलं, “बाबा, त्या कडेला तळ लागतो का?”

“आवं, तिकडं नका घालू. तिथं म्हशीचं पाय रुतत्यात. ह्या करंजाच्या अंगानं घ्या, खाली धोंडी हाय.”

करंजाच्या अंगानं घेतलं. खाली धोंडी होती. हजारो रुपयांचे नकाशे आणि यंत्रं बाळगणाऱ्या माणसांनी त्या दिवशी त्यांना मनापासून नमस्कार केला. मला या छंदाची खरी किंमत अशा नमस्कारात दिसते.

मात्र जिथं जायलाच नको तिथं जाणारेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला राग आहे. कासचं पठार पश्चिम घाटासोबत 2012मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण कासला राखण आहे, इतर सड्यांना, म्हणजे कातळी पठारांना, नाही. सड्यावर कातळाच्या अंगावर मातीचा अगदी पातळ थर असतो. त्या थरावर पावसाळ्यात सीतेची आसवे फुलतात, दीपकाडी येते. एक गाडी एकदा फिरली तरी तो थर फाटतो आणि चाकाचा वळ पुढं वर्षानुवर्षं दिसत राहतो. माळरानाचंही तसंच. टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती अंडी खड्यांसारखी दिसतात, म्हणून तर टिकतात, आणि म्हणूनच चाकाखाली जातात. समुद्राच्या वाळूवर गाडी घालणाऱ्यांना कासवांची घरटी दिसत नाहीत. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं येतात. घरट्यावरून चाक गेलं की वाळू दबते, आणि पिल्लं बाहेर आलीच तर चाकोरीत अडकून समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. ज्याला भुईची ओळख करून घ्यायची आहे तो हे करणार नाही. करणाऱ्याला भुईशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त फोटो हवा आहे.

जागा कमी नाहीत. बंद पडलेल्या दगडखाणी आहेत, मालकाच्या परवानगीनं मिळणारी पडीक रानं आहेत, जुन्या बैलगाड्यांच्या वाटा आहेत. इगतपुरीजवळ महिंद्रचं ऑफ-रोड शिकवणारं केंद्र आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं अशा ठिकाणी किंवा जाणत्या माणसाबरोबरच जावं. पाणंदीतून जायचं असेल तर ज्यांच्या बांधाला ती लागून आहे त्या मावशींना आधी विचारा. पावसाळ्यात तर पाणंद टाळाच, कारण तुम्ही पाडलेल्या चाकोरीतून उद्या त्यांना बैलगाडी न्यायची असते. सड्यावर आणि वाळूवर गाडी कधीच नेऊ नका. बाकी जमीन मोठी आहे, फोर-लो टाका आणि सावकाश या.